‘बाई, एक विचारू का?’ करुणा, द्वेष आणि मनाची शांती यांबद्दल एका मुसलमान शिक्षिकेला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. या वर्षांत स्टाफरूममध्ये, एसटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत बसल्या बसल्या लोकांनी मला जे विचारलं, ते इथं एकत्र केलंय. कुणी मायेनं विचारलं, कुणी टोचून. उत्तर मात्र दोघांनाही एकच दिलं. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली विदुषी, नाही. शरियतचे बारीक मसले त्यातल्या जाणकारांनाच विचारावेत. मी जे वाचलं, आई-वडिलांकडं पाहिलं आणि स्वतः अनुभवलं, तेवढंच इथं आहे.

‘इस्लाम’चा अर्थ शांती असा आहे का?

अगदी तसाच नाही. इस्लाम म्हणजे स्वतःला अल्लाहच्या हवाली करणं. ‘सलाम’ म्हणजे शांती. हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतले, सख्ख्या बहिणींसारखे. म्हणून ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणताना मी समोरच्याला ‘तुमच्यावर शांती असो’ अशी दुआ देते. दुआ देऊन पाठ वळताच त्याचं वाईट चिंतलं, तर तो सलाम खोटा.

करुणेला तुमच्याकडं काय म्हणतात?

रहम, रहमत. कुरआनात ११४ सूरा, म्हणजे अध्याय, आहेत. त्यातल्या ११३ सूरांचा आरंभ ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’नं होतो. अल्लाहच्या नावापाठोपाठ येणारी दोन्ही विशेषणं दयेचीच. ज्या धातूतून हे शब्द आले, त्याच धातूतून आईच्या गर्भाशयाचा अरबी शब्दही आला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वर्गात मुलांना विचारलं होतं, आपण मराठीत लेकरासाठी आईचं काय तुटतं म्हणतो? पोरं एका सुरात ओरडली, ‘पोट!’ रहम तोच. डोक्यानं ठरवून करायच्या आधी पोटातून येतो.

पैगंबरसाहेबांच्या हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या सांगून ठेवलेल्या वचन-आठवणींत, एक वाटसरू येतो. तहानेनं कासावीस होऊन तो विहिरीत उतरतो आणि पाणी पिऊन वर येतो, तर एक कुत्रं तहानेपोटी ओली माती चाटताना दिसतं. ‘मघाशी माझी जी गत होती तीच याची आहे,’ असं म्हणून तो पुन्हा विहिरीत उतरतो, चामडी मोजा पाण्यानं भरतो, दातात धरून वर येतो आणि कुत्र्याला पाजतो. एवढ्यावर अल्लाह त्याचे गुन्हे माफ करतो. बुखारीच्या संग्रहात ही हदीस आहे.

आता पैठणला या. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, आणि वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडतंय. नाथमहाराज कावड त्याच्या तोंडात रिती करतात. ही गोष्ट मी दरवर्षी शिकवायची आणि दरवर्षी मोजा दातात धरून विहीर चढणारा तो माणूस मला आठवायचा. कुत्र्याची आणि गाढवाची या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत, आणि कराव्याशाही वाटत नाहीत. खुद्द नाथांनी हिंदू आणि तुर्क यांच्या भांडणाचं एक भारूड रचलंय. त्यात दोघं एकमेकांच्या चालीरीतींवर यथेच्छ तोंडसुख घेतात आणि शेवटी गळाभेट घेतात. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी गोदाकाठी हे सुचलं होतं.

मग नमाज-रोजा महत्त्वाचा की माणुसकी?

हा प्रश्नच मला पटत नाही. कुरआनात सूरा माऊन नावाची सात ओळींची छोटीशी सूरा आहे. धर्माला खोटं ठरवणारा कोण, तर अनाथाला ढकलून देणारा आणि गरिबाला जेवू घालायला कुणाला न सांगणारा, असं ती सांगते. पुढं ती नमाज्यांकडंच वळते. दाखवण्यासाठी नमाज पढतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू देत नाहीत, अशांचा धिक्कार करते. साधी वस्तू म्हणजे काय? आमच्या गल्लीत तिचा अर्थ वाटीभर साखर, पाट्याचा वरवंटा, उन्हाळ्यात दोन घागरी पाणी.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष इकडचं कुणी विसरणार नाही. आमच्या गल्लीत तेव्हा मशिदीच्या बोअरला तेवढी अंगठ्याएवढी धार होती. वुजूपुरतं, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यापुरतं, पाणी राखून बाकी गल्लीला द्यावं, अशी चर्चा निघाली. तेव्हा एक म्हातारे नमाजी म्हणाले, ‘पाणी नसंल तर मातीनं तयम्मुम करून नमाज होते. लेकरांना माती पाजता येत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून नळी गेटाबाहेर आली आणि रांग कुणाच्या नावानं लागली, हे कुणी विचारलं नाही.

रोजा ठेवल्यानं करुणा कशी येते? उपाशी माणूस तर चिडचिड करतो.

करतो. एप्रिल-मेमध्ये रमजान आला आणि पारा बेचाळीसच्या वर गेला की मीही करते. म्हणूनच भांडायला कुणी आलं तर ‘मी रोज्यानं आहे’ एवढंच म्हणावं, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. ऊसतोडीहून परतलेल्या घरातली पोरं सकाळच्या पहिल्या तासाला का पेंगतात, हे मला बी.एड.च्या पुस्तकांपेक्षा रोज्यानं जास्त कळलं. आणि रोजा एकटा नसतो. त्याच्याबरोबर फितरा, म्हणजे ईदच्या आधी गरिबाला द्यायचं दान, येतो, जकात येते. निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेइतकी, शिल्लक वर्षभर राहिली तर तिच्यातला अडीच टक्के वाटा गरिबाचा. तो त्याचा हक्क असतो. दिल्यावर उपकार केल्यासारखं तोंड करायचं नसतं.

दर्ग्याला हिंदू का जातात? आणि काही मुसलमान जायला विरोध का करतात?

मराठवाड्यात हे इतकं अंगवळणी पडलंय की नाही गेलं तरच लोक विचारतात. परभणीच्या तुराबुल हक साहेबांचा उरूस फेब्रुवारीत भरतो. त्यातल्या पाळण्यांत माझ्याच वर्गातली निम्मी पोरं दिसायची आणि आडनावं सगळी. गावोगाव कंदुरीचे नवस असतात, मोहरममध्ये सवाऱ्या उठतात, आणि पंजा धरायचा मान कित्येक गावांत हिंदू घरांकडं असतो.

खुलताबादच्या सूफी संतांची एक साखळी मी मुलांना नेहमी सांगायची. पंजाबात बाबा फरीद, त्यांचे शागीर्द दिल्लीचे निजामुद्दीन औलिया, त्यांचे शागीर्द बुऱ्हानुद्दीन गरीब. बुऱ्हानुद्दीन दिल्लीहून देवगिरीला आले, १३३७ मध्ये वारले आणि खुलताबादला त्यांची मजार आहे. बाबा फरीदांना कुणीतरी कात्री भेट दिली तेव्हा ते म्हणाले होते, मला सुई द्या, मी कापत नाही, शिवतो.

माझे अब्बा अंबाजोगाईत शिंपी होते. ही गोष्ट त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, समोर खणाची चोळी. योगेश्वरीची यात्रा जवळ आली की त्यांच्या मशीनवर खणांचा ढीग पडायचा. अजान झाली की मशीनचं चाक हातानं थांबवून, दोरा ओवलेली सुई कॉलरला टोचून ते मशिदीत जायचे. परत आले की तीच सुई काढून तीच चोळी पुढं शिवायची. माझ्या लेखी सूफी म्हणजे हे.

विरोधाचं म्हणाल, तर तो समजून घेण्यासारखा आहे. मागायचं ते फक्त अल्लाहकडं, हा इस्लामचा गाभा. मजारीवर डोकं टेकवणं त्यात बसत नाही, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा धर्माचाच आहे. मी स्वतः दर्ग्यावर फातिहा, म्हणजे कुरआनातली पहिली सूरा, पढते, नवस बोलत नाही. पण मतभेद वेगळा आणि नवस बोलणाऱ्या म्हातारीला हाताला धरून बाहेर काढणं वेगळं. त्या दुसऱ्या गोष्टीला मी कायम आडवी येईन.

आम्ही तुमच्या लेखी काफिर ना?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलाय, आणि तो ऐकताना विचारणाऱ्याच्या डोळ्यांतली भीती किंवा राग मला दिसतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ झाकणारा, सत्य माहीत असूनही ते नाकारणारा, कृतघ्न. कुणाच्या मनात काय आहे हे अल्लाह जाणतो, मी नाही. शेजारणीला असं संबोधण्याचा हक्क मला कुणी दिलेला नाही. कुरआन सांगतो, ‘धर्मात जबरदस्ती नाही’ (२:२५६). अल्लाहखेरीज ज्यांना लोक पुकारतात, त्यांना शिव्या देऊ नका, असंही सांगतो (६:१०८). माणसांच्या जमाती आणि कुळं एकमेकांना ओळखता यावं म्हणून केली, असंही सांगतो (४९:१३).

एकदा एक जनाजा जात होता. पैगंबरसाहेब उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, तो यहुद्याचा आहे. ते म्हणाले, ‘तो जीव नव्हता का?’ आमच्या गल्लीतून अंत्ययात्रा निघाली की अब्बा मशीन थांबवून उभे राहायचे. ते यामुळंच, हे मला फार उशिरा कळलं.

सबुरी म्हणजे अन्याय गुपचूप सोसायचा का?

नाही. सब्र म्हणजे टिकून राहणं, तोल न सोडणं. गप्प बसायला कुठंच सांगितलेलं नाही. उलट, न्यायासाठी उभे राहा, साक्ष स्वतःच्या, आई-बापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध गेली तरी द्या, असा हुकूम आहे (४:१३५). आणि त्याहून अवघड हुकूम असा की एखाद्या समूहाचा राग येतो म्हणून त्याच्याशी अन्याय करू नका (५:८). ही दोन वाक्यं मी आळीपाळीनं वाचते. पहिलं मला आपल्यांपुढं तोंड उघडायला लावतं, दुसरं परक्यांबद्दल तोंड सांभाळायला.

मुसलमानांतल्या कट्टरतेविरुद्ध मुसलमान बोलत नाहीत, असं का?

बोलतात. किंमतही मोजतात. निजामाच्या राजवटीत रझाकारांनी, म्हणजे निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या सशस्त्र टोळ्यांनी, मराठवाड्यात जे केलं ते आपल्या आजी-आजोबांनी भोगलंय. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील होता, हे आपल्याला मान्यच केलं पाहिजे. त्याच काळात हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा संपादक ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून रझाकारांच्या विरोधात आणि संस्थानाच्या भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं लिहीत होता. धमक्या आल्या तरी तो थांबला नाही. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री त्याला रस्त्यात गाठलं, गोळ्या घातल्या, आणि ज्या हातानं लिहायचा तो हात तोडला. तो गेला त्यानंतर महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला, संस्थान शरण आलं. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात मी हे नाव दरवर्षी घेतलं, आणि दरवर्षी कुणीतरी मागाहून येऊन ‘हे माहीत नव्हतं’ म्हणालं.

आणि १९४८ मध्ये मुसलमानांवर जे झालं, त्याचं काय?

तेही झालं. पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरल्यानंतर, निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. केंद्र सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं आपल्या अहवालात सगळ्यांत जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं दिली. आमच्या घरात यावर मोठ्यानं कधी बोललं गेलं नाही.

दादी मात्र एक गोष्ट सांगायची, तीही फक्त ज्वारीची रास घरात आली की. शेजारच्या वाड्यातल्या पाटलीणबाईंनी तिला आणि तिच्या दोन लेकरांना कणगीत बसवलं, वरून पोती टाकली, आणि दारात आलेल्यांना ‘माझ्या देवघरात शिरणार का?’ म्हणून अडवलं. कणगी शेणानं नुकतीच सारवलेली होती. चार वर्षांची माझी आत्या खोकली तेव्हा पाटलीणबाई बाहेरून खोटंच खोकत राहिल्या. हे सांगताना दादी स्वतःच थोडी खोकायची आणि मग हसायची, डोळे पुसत. त्या घराशी आमचं येणं-जाणं आजही आहे. रझाकारांचा जुलूम लपवून, नाहीतर नंतरची कत्तल लपवून ज्यांना इतिहास सांगायचाय, त्यांना मला ही कणगी दाखवावीशी वाटते.

व्हॉट्सअॅपवर द्वेषाचे मेसेज आले तर काय करता?

आधी थांबते. मग ग्रुपवर भांडत न बसता त्या माणसाला फोन लावते. ‘दादा, तुम्ही पाठवलंत ते माझ्याबद्दल आहे, वाचलंत ना?’ एवढंच. दहातले सहा-सात लोक तरी मेसेज काढतात. उरलेल्यांशी संबंध तोडत नाही, पण त्यांच्या घरी चहाला बसून तोच विषय पुन्हा काढते. आपल्या लोकांच्या ग्रुपवर दुसऱ्या धर्माची टिंगल आली की तिथंही हेच, आणि तिथं जास्त कडक. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढं सांगत सुटणं हे माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, ही हदीस फॉरवर्ड करणाऱ्यांनी मोबाईलच्या मागं चिकटवून ठेवावी.

शाळेत माझ्या लेकराला ‘पाकिस्तानी’ म्हणतात. काय सांगू त्याला?

माझ्या मुलालाही म्हटलं होतं, सहावीत असताना. तो घरी आला, दप्तर टाकलं आणि जेवलाच नाही. मी शाळेत गेले, वर्गशिक्षकांशी बोलले. ‘पोरं चेष्टा करतात, मनावर घेऊ नका,’ असं उत्तर मिळालं. मनावर घ्या, ताई. लेखी द्या, मुख्याध्यापकांना भेटा, त्या दुसऱ्या मुलाच्या आईला भेटा. मी तिला भेटले तेव्हा ती बिचारी रडायला लागली, तिला ठाऊकच नव्हतं. लेकराला मात्र एवढं नक्की सांगा की तुझी माती ही आहे, तुझे पणजोबा इथंच पुरलेत. ते आपोआप कळतं असं समजू नका, तोंडानं सांगा. आणि उलट शिवी दिली नाहीस म्हणून तू भित्रा ठरत नाहीस, हेही सांगा. पहिलवान तो नव्हे जो दुसऱ्याला पाडतो, रागात स्वतःला आवरतो तो पहिलवान, ही हदीस माझ्या मुलानं तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती.

राग आवरायचा कसा?

उभे असाल तर बसा, बसलेले असाल तर आडवे व्हा. थंड पाण्यानं वुजू करा. हेच सांगितलंय आणि हे लागू पडतं.

नमाजनं खरंच शांत वाटतं का?

दरवेळी नाही. खरं तेच सांगते. कित्येकदा सजद्यात असताना गॅसवरचं दूध आठवतं. पण पहाटेची फजर वेगळी. अंधार असतो, कडुलिंबावर पाखरं नुकतीच बोलायला लागलेली असतात, तांब्यातलं पाणी हिवाळ्यात हाताला झोंबतं. तोंड, कोपरापर्यंत हात, ओल्या हातानं डोक्यावरून मसह, शेवटी पाय. मग चटईवर उभं राहायचं. कपाळ जमिनीला लागतं तेव्हा हृदय डोक्याच्या वर असतं. दिवसभर मला भिववणारी सगळी माणसं, साहेब, पुढारी, बातम्यांत ओरडणारे लोक, त्या उंचीवरून दिसतच नाहीत. मी फक्त एकापुढं वाकले, म्हणजे इतर कुणापुढं वाकायची गरज उरली नाही. अन्यायाविरुद्ध बोलायचं बळ मला मिळतं ते याच जागेवरून. घाबरलेल्या माणसाला करुणा करता येत नाही, आधी भीती गेली पाहिजे.

‘ऐका, अल्लाहच्या स्मरणानंच हृदयांना स्वस्थता लाभते’ (१३:२८). वारकरी मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मंग, नामस्मरणच की!’ फरक आहेत, मला माहीत आहेत. पण त्यांच्या हातात तुळशीची माळ होती आणि माझ्या हातात तस्बीह, आणि एसटी पाटोद्यापर्यंत हलत होती.

खूप उदास वाटतं, झोप लागत नाही. दुआ पुरे होईल का?

दुआ करा आणि डॉक्टरांकडंही जा. एकानं पैगंबरसाहेबांना विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून? ते म्हणाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. आपल्या भागात दुष्काळ आणि कर्ज यांनी किती घरं विझवलीत हे मी शाळेच्या हजेरीपटावर पाहिलंय. वडिलांच्या नावापुढं ‘कै.’ लिहायची वेळ दहा-अकरा वर्षांच्या पोरावर येते. आजार म्हणजे ईमानाची कमतरता नव्हे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच्या शेजारी नुसतं बसा.

नमाज रोज होत नाही. मी वाईट मुसलमान आहे का?

मी कोण ठरवणार? आज एक वेळची पढा. उद्याचं उद्या.

मुसलमान न होता यातलं काही घेता येईल का?

का नाही? तहानलेल्याला पाणी द्यायला, शेजाऱ्याची भूक ओळखायला, आपल्या माणसाचं चुकलं तर त्याला तोंडावर सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

ईदला तुमच्या घरी आलो तर चालेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

चालेल काय, या! शिरखुर्म्यात दूध, शेवया, खारीक, चारोळी, बदाम आणि साखर असते. मटणाचा त्याच्याशी संबंध नाही. माझ्या घरी त्याचं पातेलं आणि पळी वेगळी असते, मनात शंका आणू नका. ईदगाहची नमाज सकाळीच होते, त्यामुळं दहानंतर कधीही या. येताना काही आणू नका. आणायचंच असेल तर लेकरांना घेऊन या, ईदी त्यांच्यासाठी काढून ठेवलेली असते.